जुना हँडीकॅम पुन्हा चालू करताना: आधी कॅमेरा तपासा, लग्नाची कॅसेट शेवटी

हँडीकॅमची बॅग बऱ्याच वर्षांनी खाली काढली की कॅमेऱ्याबरोबर लग्नाची नाहीतर मुंजीची कॅसेटही हाती लागते, आणि ती लगेच आत सरकवून बघायचा मोह होतो. तेवढं सोडून काहीही करा. कॅमेरा बिघडलेला निघाला तर दुसरा मिळतो, ओळखीत कुणाकडे तरी पडून असतो. कॅसेटची मात्र बहुतेक घरांत एकच प्रत असते, आणि इतकी वर्षं बंद पडलेला कॅमेरा पहिल्या पाच मिनिटांतच ती खाऊ शकतो. म्हणून खालची सगळी तपासणी एकाच हिशेबानं लावली आहे: आधी वीज, मग कॅसेटशिवाय कॅमेरा, मग टाकाऊ कॅसेट, आणि या तिन्हींतून पार पडला तरच घरची कॅसेट.

कॅमेरा कोणत्या जातीचा

कॅसेटचं झाकण उघडून बघा किंवा बॉडीवरचा लोगो वाचा. आपल्याकडच्या घरांत मुख्यतः तीन प्रकार सापडतात. व्हिडिओ-८ आणि हाय-८ च्या कॅसेटमध्ये ८ मिलिमीटर रुंदीची टेप असते आणि रेकॉर्डिंग अॅनालॉग असतं. डिजिटल-८ हा १९९९ मध्ये आला. कॅसेट तीच ८ मिलिमीटरची, पण आतलं रेकॉर्डिंग डिजिटल. १९९५ पासूनची मिनी-डीव्ही म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी कॅसेट, टेप जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद. व्हीएचएस-सी कमी दिसतो, पण दिसलाच तर त्याची टेप नेहमीच्या व्हीसीआरच्याच रुंदीची असते आणि अडॅप्टर डबीत घालून ती व्हीसीआरवर चालते. त्या कॅसेटसाठी कॅमेरा दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

डिजिटल-८ च्या कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट पक्की करून घ्या. सुरुवातीची बरीच मॉडेलं जुन्या हाय-८ कॅसेटही वाजवतात आणि त्यांचं चित्र डिजिटल करून बाहेर देतात. नंतरच्या काही स्वस्त मॉडेलांत ही सोय काढून टाकली होती. अशा कॅमेऱ्यात हाय-८ कॅसेट घातली की पडदा निळाच राहतो आणि माणसाला वाटतं कॅसेट पुसली गेली. निर्णय मॅन्युअल बघूनच घ्या.

वीज

जुन्या बॅटरीवर वेळ घालवू नका. लिथियम बॅटरी वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली की तिचा व्होल्टेज इतका खाली जातो की आतलं संरक्षक सर्किट तिला कायमचं बंद करतं. चार्जरचा दिवा लुकलुकत राहतो आणि काहीच होत नाही. फुगलेली असेल तर ती दाबून कॅमेऱ्यात बसवू नका, सरळ ई-कचऱ्यात द्या. सगळी तपासणी अडॅप्टरवर करा.

अडॅप्टर मूळ असेल तर उत्तम. नसेल तर बॉडीवर किंवा बॅटरीच्या खाचेत लिहिलेला व्होल्टेज वाचा. सोनी आणि कॅननच्या बऱ्याच मॉडेलांना ८.४ व्होल्ट लागतात, जेव्हीसीच्या काहींना ११. घरात पडलेला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावणं हा कॅमेरा मारायचा हमखास मार्ग आहे. मल्टिमीटर असेल तर अडॅप्टरच्या टोकाशी मोजा: ८.४ च्या जागी ७ दिसले किंवा आकडा नाचत असला तर तो बाद.

काही जुन्या सोनी चार्जरांवर एक छोटं बटण असतं, एका बाजूला बॅटरी चार्ज, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. ते चार्जकडे असेल तर कॅमेऱ्याला वीज जातच नाही. दुरुस्तीला आलेले बरेच ‘मेलेले’ कॅमेरे एवढ्यानंच जिवंत होतात.

नवी बॅटरी घ्यायची असेल तर एनपी-एफ मालिकेची सहज मिळते, कारण लग्नाचे फोटोग्राफर त्याच बॅटऱ्या एलईडी लाइटला लावतात. मात्र सी:०४:०० असा कोड दिसला तर कॅमेऱ्याला बॅटरीशी ‘बोलता’ येत नाही असा त्याचा अर्थ. नकली बॅटरीवर हे होतं. कॅमेरा बिघडलेला नसतो.

तारीख दर वेळी पुसली जात असेल तर आतला घड्याळाचा सेल उतरला आहे. सोनीच्या बहुतेक हँडीकॅममध्ये तो चार्ज होणारा असतो: कॅमेरा बंद ठेवून अडॅप्टरला २४ तास लावून ठेवा. कॅननच्या बऱ्याच मिनी-डीव्ही मॉडेलांत बदलायचा बटण-सेल असतो, त्यासाठी बॉडीवर लहानशी सरकती चकती दिसेल.

कॅसेट न घालता काय कळतं

कॅमेरा मोडवर चालू करा आणि खिडकीकडे रोखा. चित्र दिसतं का, आणि एलसीडीतही व्ह्यूफाइंडरमध्येही दिसतं का, हे वेगवेगळं बघा. एलसीडी एका कोनात असतानाच चित्र येतं आणि फिरवली की जातं, तर बिजागरीतून जाणारी चपटी रिबन केबल तुटत आली आहे. कॅसेट वाजवायला त्याचा काही अडथळा नाही, चित्र टीव्हीवर बघता येतं.

दोन्हीकडे चित्र काळं, जांभळट किंवा आडव्या रेघांनी फाटलेलं दिसत असेल, पण मेन्यूची अक्षरं स्वच्छ असतील, तर दोष बहुधा सीसीडीत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये आहे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत हा ठरलेला आजार होता. गरम आणि दमट हवेत चिपच्या आतली जोडणी सुटते, असं २००५ मध्ये सोनीनं जाहीर केलं आणि तीच चिप वापरणाऱ्या इतर कंपन्यांनीही आपापल्या मॉडेलांच्या याद्या काढल्या. मोफत दुरुस्तीची ती मुदत कधीच संपली. कोकण आणि मुंबईची हवा पाहता इथे हा दोष दिसला तर नवल नाही. पण सीसीडी गेलेला कॅमेरा फेकू नका! शूटिंगला तो निकामी असला तरी टेप वाजवायचा भाग त्याच्याशी संबंधित नसतो, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच भाग.

चित्र हिरवट पांढरं आणि उजळलेलं दिसत असेल तर नाइटशॉटचं (अंधारात शूटिंग करायच्या सोयीचं) बटण बघा, बॅगेत घासून ते चालू झालेलं असतं. चित्र आपोआप बदलायला लागलं, वेगवेगळे इफेक्ट दिसायला लागले तर तो डेमो मोड आहे. कॅसेट नसताना सोनीचे कॅमेरे साधारण दहा मिनिटांनी तो सुरू करतात, मेन्यूतून बंद करता येतो.

मग झूम पूर्ण आत-बाहेर करा. घरघर न करता सलग फिरला पाहिजे. जवळच्या हातावरून लांबच्या भिंतीवर कॅमेरा न्या, फोकस एक-दोन सेकंदांत पकडला पाहिजे. तो मागेपुढे शोधतच राहिला, किंवा ई:६१ वा ई:६२ ने सुरू होणारा कोड आला, तर लेन्सची मोटर किंवा स्थिरीकरणाचा भाग अडकलाय. घरी होण्यासारखं काम नाही. लेन्समध्ये टॉर्चचा उजेड तिरका टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, आणि लेन्सवर बुरशी आली म्हणजे त्याच बॅगेतल्या कॅसेटही जास्त काळजीपूर्वक बघायच्या.

काहीच सुधरत नसेल तर टोकदार पिनेनं दाबायचं रीसेट भोक बहुतेक कॅमेऱ्यांवर असतं. त्यानं तारखेसह सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, बाकी नुकसान नाही.

टाकाऊ कॅसेटची चाचणी

त्याच मापाची, खरोखर नको असलेली कॅसेट घ्या. ‘नको असलेली’ म्हणजे दुसऱ्या चालू कॅमेऱ्यावर बघून खात्री केलेली, नाहीतर कोरी. लेबल नाही म्हणून कॅसेट रिकामी आहे असं समजू नका.

आत घालायची पद्धत नीट पाळा. बाहेरचं झाकण उघडल्यावर आतला कप्पा आपोआप वर येतो. कॅसेट ठेवा, कप्प्यावर जिथे ‘पुश’ लिहिलंय तिथेच हलकं दाबा, कप्पा स्वतःहून खाली जाऊन मोटर थांबेपर्यंत थांबा, आणि मगच बाहेरचं झाकण लावा. घाईनं झाकण आधी दाबलं की कप्पा तिरका होतो आणि त्याची पातळ पत्र्याची चौकट वाकते. जुन्या कॅमेऱ्यांतले कितीतरी अडकलेले कप्पे हे असे घरच्याच माणसांनी वाकवलेले असतात.

आता कान द्या. टेप ड्रमभोवती (तिला वाचणाऱ्या फिरत्या सिलिंडरभोवती) गुंडाळताना एकसारखा गुंजणारा आवाज आणि शेवटी हलकी टक, इतकं पुरे. कर्रकर्र झालं, किंवा दोनतीनदा तोच प्रयत्न ऐकू आला, तर लगेच बाहेर काढा.

एक मिनिट पुढे पळवा, एक मिनिट मागे, मग दोन मिनिटं प्ले, आणि कॅसेट बाहेर. बाहेर आल्यावर बाजूची खिट्टी दाबून तिचं झाकण किंचित उचला आणि टेपची कडा उजेडात धरा. कडा सरळ, चकचकीत असेल तर टेपचा मार्ग ठीक. कडेला चुण्या पडल्या असतील, किंवा टेपचा लूप बाहेर लोंबत असेल, तर टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर कडक किंवा चिकट झालाय नाहीतर टेपला वाट दाखवणारा गाइड सरकलाय. या कॅमेऱ्यात दुसरी कोणतीही कॅसेट घालायची नाही.

कडा ठीक निघाली तर त्याच कॅसेटवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. समोर भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, मधेच टाळ्या वाजवा, थोडं बोला, एकदा उजेडाकडून अंधाऱ्या कोपऱ्यात कॅमेरा फिरवा. नाइटशॉट बंद आणि शटर ऑटोवर ठेवा. नंतर मागे नेऊन टीव्हीवर बघा. पानाची मधली अक्षरं आणि कोपऱ्यातली अक्षरं सारखीच वाचता आली पाहिजेत, टाळी आणि हात एकाच वेळी आले पाहिजेत. अमेरिकेहून आणलेला एनटीएससी (तिकडच्या टीव्ही पद्धतीचा) कॅमेरा असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेखाली ट्यूबलाइटचा उजेड चित्रात धडधडतो. हा बिघाड नाही. शटर १/१०० वर ठेवलं की थांबतो.

दोष कुणाचा, टेपचा की कॅमेऱ्याचा

इथे बरीच मंडळी चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवतात. तीन टेप लागतात: आताच याच कॅमेऱ्यावर केलेलं रेकॉर्डिंग, दुसऱ्या कॅमेऱ्यावर केलेली बिनमहत्त्वाची टेप, आणि घरची जुनी. जुनीला हात लावण्याआधी पहिल्या दोन पुरेशा आहेत.

आताचं रेकॉर्डिंगही खराब आणि दुसरीकडची टेपही खराब: दोष कॅमेऱ्यात, बहुधा मळलेली हेड, म्हणजे ड्रमवरची टेप वाचणारी-लिहिणारी बारीक टोकं. आताचं स्वच्छ पण दुसरीकडच्या टेपला त्रास: या कॅमेऱ्याचे टेप गाइड मूळ जागेवरून सरकलेत. तो आपली चुकीची रेषा स्वतः लिहितो आणि स्वतःच वाचतो, म्हणून त्याला आपलं ठीक वाटतं. इतर सगळ्या टेप ठीक पण एकीलाच त्रास: टेप खराब.

मिनी-डीव्ही आणि डिजिटल-८ मध्ये चित्र ‘फुटतं’, म्हणजे चौकोन विखुरतात. पालमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत, प्रत्येक फ्रेम टेपवरच्या १२ तिरप्या रेषांत वाटलेली असते आणि दोन हेड त्या आळीपाळीनं वाचतात. म्हणून एकच हेड मळलं तर चित्रात एक आड एक अशा आडव्या पट्ट्या दिसतात: सहा पट्ट्यांत चित्र हलतं, मधल्या सहांत जुनंच गोठून राहतं. अशा सारख्या रुंदीच्या पट्ट्या दिसल्या की दुसरं काही शोधू नका, हेड साफ करा. पूर्ण निळा पडदा आणि टाइमकोड (पडद्यावरचा टेपच्या वेळेचा आकडा) थांबलेला असेल तर दोन्ही हेड बंद. मधूनच, कुठेही, क्षणभर उडणारे थोडे चौकोन हे टेपवरच्या ओरखड्याचं किंवा धुळीचं काम.

हाय-८ सारख्या अॅनालॉग टेपवर चौकोन नसतात, मुंग्या असतात. पूर्ण पडदाभर मुंग्या, तर हेड. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला मुंग्यांचा पट्टा ठाण मांडून बसलाय, तर गाइड. चित्र ठीक पण उभ्या रेषा, दरवाजाची चौकट वगैरे, लाटेसारख्या हलतात, तर टेपचा वेग किंचित चुकतोय. सोनीच्या नंतरच्या मॉडेलांत प्ले मोडच्या मेन्यूत ‘टीबीसी’ (चित्राची थरथर सुधारणारी सोय) असतं, ते चालू केलं की ही लाट बरीचशी बसते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या हाय-८ आणि व्हिडिओ-८ कॅमेऱ्यांना एक वेगळा रोग आहे. आतल्या बोर्डावरचे छोटे कपॅसिटर गळतात आणि त्यांचं रसायन तांब्याच्या रेषा खातं. आधी आवाज खोल जातो, मग रंग जातात, मग चित्र. झाकणाजवळ नाक नेल्यावर मासळीसारखा उग्र वास आला तर हेड साफ करण्यात वेळ घालवू नका, अशी दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

आवाजच नसेल तर मेन्यू आधी बघा. मिनी-डीव्हीवर १२ बिटमध्ये रेकॉर्ड केलेल्या टेपला आवाजाच्या दोन जोड्या असतात, पहिलीत मूळ आवाज आणि दुसरी नंतर डबिंग करण्यासाठी रिकामी. प्ले मोडमधला ऑडिओ मिक्स कुणीतरी ‘एसटी २’ कडे नेऊन ठेवलेला असला की पूर्ण शांतता मिळते. तो ‘एसटी १’ कडे आणा.

हेड साफ करणं

सोनीवर सी:२२ ने सुरू होणारा कोड किंवा कॅननवर हेड अस्वच्छ असल्याचा संदेश आला तर क्लीनिंग कॅसेट लागते. कोरडी घ्या. आत घालून प्ले दाबा, दहा सेकंदांत थांबवा, बाहेर काढा, रिवाइंड करू नका. फरक पडला नाही तर पुन्हा एकदा. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त वेळा नाही, कारण ही टेप मळाबरोबर हेडही घासते. ती शेवटपर्यंत गेली की टाकून द्यायची, उलटी फिरवून परत वापरली तर आधीचाच मळ परत हेडवर.

त्यानंही जमलं नाही तर हातानं. लागतं ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारी चामड्याची किंवा फोमची काडी. कानातली कापसाची काडी अजिबात नाही: हेडची टोकं उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, कापसाचा तंतू त्यात अडकून ओढला गेला की टोक तुटतं. सॅनिटायझर किंवा मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं.

वीज काढा. कप्पा उघडा असताना वीज काढली तर तो वरच राहतो आणि आतला चमकता तिरका ड्रम दिसतो. काडी अल्कोहोलनं फक्त ओलसर करून ड्रमच्या बाजूला हलकी टेकवा आणि स्थिर धरा. दुसऱ्या हातानं ड्रमचा वरचा भाग कडेनं धरून सावकाश गोल फिरवा, चारपाच फेऱ्या. हलवायचा ड्रम, काडी नाही, आणि काडी वरखाली तर मुळीच नाही. पुष्कळ ठिकाणी ड्रम अर्धवटच दिसतो. तेवढ्याच भागातून काम होतं, कारण फिरवताना हेड काडीसमोरून जातातच. मग नव्या काडीनं पिंच रोलर आणि शेजारची धातूची बारीक दांडी पुसा. काडीवर तपकिरी काळा रंग येईल, तो टेपचाच थर. अर्धा तास सुकू द्या, मगच टाकाऊ कॅसेट.

पावसाळा आणि कोड

सोनीवर सी:२१ म्हणजे आत दव. एसीच्या खोलीतून बाहेर, किंवा जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्याही वेळी. कॅसेट बाहेर काढा, झाकण उघडं ठेवा, किमान एक तास थांबा. केस वाळवायचा ड्रायर लावू नका, गरम हवेनं ड्रमभोवतीचं ग्रीस पातळ होतं. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि चालू मोटर ती फाडते, म्हणून कॅमेरा कामच करायला नकार देतो.

सी:३१ आणि सी:३२ हे टेप ओढण्याच्या यंत्रणेचे कोड. वीज पूर्ण काढून, दहा मिनिटांनी परत लावून, कॅसेट काढून परत घालून बघा. एकदाच आला आणि गेला तर दुर्लक्ष. दर वेळी आला तर रीळ फिरवणारा भाग किंवा पिंच रोलर, तंत्रज्ञाकडे. जेव्हीसीवर याच जागी ई०१, ई०२, ई०६ येतात आणि उपायही तोच, वीज काढून लावणं.

कॅसेट अडकली तर

आधी अडॅप्टर लावा. बॅटरी कमकुवत असेल तर कॅमेरा कप्पा उघडायचं काम सुरूच करत नाही, आणि निम्मे ‘अडकलेले’ कॅमेरे इथेच सुटतात. झाकणाच्या बाजूला दुसरं काही टेकलेलं नाही, ट्रायपॉडची पट्टी खाली झाकण अडवत नाही, हे बघा. सोनीच्या कित्येक मॉडेलांचं झाकण खालून उघडतं आणि ट्रायपॉडवर ते उघडूच शकत नाही. मग कॅमेरा उलटा धरून इजेक्ट दाबा, गुरुत्वाकर्षणानं कप्पा सुटतो.

कप्पा वर आला पण टेपचा लूप आत गुंतलाय, असं दिसलं तर तिथेच थांबा. ओढू नका, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. झाकण अर्धवट उघडं ठेवूनच पिशवीत घाला आणि जुने व्हिडिओ कॅमेरे उघडणाऱ्या माणसाकडे न्या. तो बाजूचा पत्रा काढून लोडिंग मोटरचं चाक बोटानं उलटं फिरवेल आणि टेप अखंड बाहेर येईल.

घरच्या कॅसेटची पाळी

कॅमेऱ्यात घालण्याआधी खिडकीतून रिळाच्या कडेकडे बघा, टॉर्च लावून. पांढरी भुकटी, ठिपके किंवा केसाळ थर म्हणजे बुरशी. ती कॅसेट घालूच नका. एका बुरशीच्या कॅसेटनं हेडही जाईल आणि बुरशी नंतरच्या कॅसेटींनाही लागेल. टेप स्वच्छ करून देणारे व्यावसायिक असतात, तिला त्यांच्यासाठी बाजूला ठेवा.

रेकॉर्डिंग बंदीची पट्टी सरकवा. मिनी-डीव्हीवर ‘सेव्ह’ कडे, ८ मिलिमीटरच्या कॅसेटवर लाल खूण दिसेल अशी. मग कॅसेट शेवटपर्यंत पुढे पळवा आणि पूर्ण मागे आणा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप यानं मोकळी होते, न करता प्ले केली तर चित्र ओढल्यासारखं होतं. पळवताना आवाज मधेच जड झाला तर थांबवा, अर्ध्यातूनच मागे आणा.

दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा. टेप कोणत्या कॅमेऱ्यावर काढली होती, आणि एलपी (लाँग प्ले, टेप जास्त वेळ पुरवणाऱ्या) मोडवर होती का. मिनी-डीव्हीच्या एसपी, म्हणजे नेहमीच्या मोडमध्ये रेषा १० मायक्रॉन रुंद, एलपीमध्ये ६.७ च्या आसपास. तासाची कॅसेट दीड तास पुरते, पण दुसऱ्या कॅमेऱ्याला ती वाचताना नाकी नऊ येतात. एलपीवरची टेप शक्यतो मूळ कॅमेऱ्यावरच वाजवा, म्हणजे तो कॅमेरा दुरुस्त करणं इथे परवडतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली टेप एनटीएससी असते. सोनीच्या काही पाल हाय-८ आणि डिजिटल-८ मॉडेलांत मेन्यूत ‘एनटीएससी पीबी’ हा पर्याय असतो, नसेल तर तिकडचाच कॅमेरा हवा.

कॉम्प्युटरवर उतरवणं

मिनी-डीव्ही आणि डिजिटल-८ साठी फायरवायर ही केबल-जोडणी, सोनीच्या भाषेत आय-लिंक. कॅमेऱ्याकडे चार पिनांचं छोटं टोक, कॉम्प्युटरकडे सहा पिनांचं. दोन्ही बंद करून लावा. सहा पिनांचं टोक उलटं रेटलं की कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो, आणि मग कॅमेरा टीव्हीवर उत्तम चालतो पण कॉम्प्युटरला कायमचा दिसत नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवा. विंडोज १० किंवा ११ वर कॅमेरा ओळखला गेला नाही तर १३९४ चा ‘लेगसी’ ड्रायव्हर टाका. विन-डीव्ही हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मॅकवर असाल तर मॅकओएस २६ मध्ये फायरवायर काढून टाकलंय, जुना मॅक शोधा. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला फायरवायर असलेली दोनशे-तीनशे रुपयांची केबल लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत कुणी दाखवली तर पैसे वाचवा: ती चालत नाही, चालूच शकत नाही, आणि पोर्टला धोका वेगळाच. कॅमेऱ्यावरचा स्वतःचा यूएसबी पोर्टही बहुतेक मॉडेलांत फक्त कार्डावरचे फोटो किंवा अगदी लहान चित्र देतो.

कॅमेरा प्ले मोडवर हवा, शूटिंगच्या नाही. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल त्यावर बसणार नाही, आधी एक्स-फॅट करा.

हाय-८ साठी हाय-८ वाजवणारा डिजिटल-८ कॅमेरा मिळाला तर त्यातून फायरवायरनंच घ्या, सगळ्यांत स्वच्छ येतं. नाहीतर एव्ही केबल आणि यूएसबी कॅप्चरची डबी. एस-व्हिडिओ पोर्ट असेल तर पिवळ्याऐवजी तो वापरा. ३.५ मिलिमीटरच्या एव्ही केबलचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं दिसतं पण आतली जोडणी वेगळी असते. चित्राच्या जागी घूं असा आवाज आला तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या भोकात घालून बघा. सॉफ्टवेअरमध्ये पाल-बी, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम निवडा. चित्र कृष्णधवल आलं तर तिथे एनटीएससी राहिलंय.

उतरवलेली फाइल सुरुवातीला, मधे आणि शेवटी उघडून आवाजासह बघा, दुसऱ्या डिस्कवर प्रत करा, आणि मगच पुढची कॅसेट. उतरवून झालेली कॅसेट पूर्ण रिवाइंड करून डबीत उभी ठेवा, डबीत सिलिका जेलची पुडी टाका. कॅमेरा ठेवताना आत कॅसेट राहू देऊ नका आणि बॅटरी काढून वेगळी ठेवा.